कॉम्प्युटरवरचं पोलाद आणि तडकलेली सात खुरपी

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? विषय आहे पोलाद, आणि तेही कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. पण गोष्ट सुरू होते ती खुरप्यापासून, आणि खुरपं तर आपल्या सगळ्यांच्या हातातलं. म्हणून थोडा वेळ द्या.

पोलाद तापवल्यावर आणि गार केल्यावर त्याच्या आत काय काय बदलतं, याचा हिशेब कॉम्प्युटरवर मांडायचं काम आम्ही तिघी करतो. खऱ्या वस्तूची अशी नक्कल पडद्यावर चालवून बघतात, तिला सिम्युलेशन म्हणतात. एका महिला गटानं गाडीच्या जुन्या पाट्यापासून खुरपी करून विकायचं ठरवलं होतं. आधी नमुन्याची बारा करायची, ती चांगली निघाली तर पुढं शंभर. गटानं लोहाराकडे विसार दिला होता. पाट्याचं पोलाद प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं. १०० किलो पोलादात ६०० ग्रॅम कार्बन, ८०० ग्रॅम मँगनीज, थोडं सिलिकॉन आणि बाकी लोखंड. पातं तीन मिलिमीटर जाड. आम्हाला विचारलं एवढंच, की पातं लाल करून कशात विझवायचं? तेलात, साध्या पाण्यात, की मिठाच्या पाण्यात?

आम्ही हिशेब केला. कॉम्प्युटर म्हणाला, तेलात आणि साध्या पाण्यात पातं मऊच राहील, आणखी झटकन गार करा. आम्ही सांगितलं, मिठाचं पाणी वापरा. लोहाराच्या भट्टीवर घण मारणारी मावशी म्हणाली, "पोरींनो, हा पाटा पाण्यात घालू नका, तडकंल. तेलात घाला." आम्ही तिला पडद्यावरचं रंगीत चित्र दाखवलं. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी बारापैकी सात खुरप्यांना तडे गेले.

आमचं कुठं चुकलं आणि ते आम्ही कसं शोधलं, हे आज सांगायचं आहे. त्याआधी पोलादाच्या आत काय चालतं ते थोडं पाहू.

आतली घडण

आपण घरी तूप कढवतो. ते सावकाश गार झालं तर छान रवाळ होतं. तेच भांडं थंड पाण्यात ठेवून पटकन गार केलं तर रवा धरत नाही, गुळगुळीत थिजतं. तूप तेच, गार करायची रीत वेगळी. पोलादाचंही असंच असतं, फक्त तूप पातळाचं घट्ट होतं आणि पोलाद घट्ट असतानाच आतून बदलतं.

लोखंडाचे अणू एका ठरावीक मांडणीत बसलेले असतात. साध्या तापमानाला ही मांडणी अशी असते: खोक्याच्या आठ कोपऱ्यांत एकेक अणू आणि एक मधोमध. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर नेलं की मांडणी बदलते. मधला अणू नाहीसा होतो आणि खोक्याच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. या गरम मांडणीत कार्बनला बसायला ऐसपैस जागा असते. १०० किलोमध्ये दोन किलोपर्यंत कार्बन तिथं सामावतो. गार मांडणीत मात्र फार तर २० ग्रॅमच्या आसपास.

आता विचार करा. आपल्या पाट्यात ६०० ग्रॅम कार्बन आहे. पातं लाल गरम असताना तो सगळा सुखानं आत बसलेला आहे. पातं गार व्हायला लागलं की त्याला जागा उरत नाही. सावकाश गार केलं तर कार्बन सरकत सरकत बाजूला होतो आणि लोखंडाशी मिळून सिमेंटाइट नावाचा कडक पदार्थ तयार करतो. मऊ लोखंडाचा एक थर, सिमेंटाइटचा एक थर, असे बारीक बारीक थर लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मोत्यासारखी झळाळी दिसते, म्हणून त्याला पर्लाइट म्हणतात. असं पातं वाकतं, पण सहज मोडत नाही.

झटकन गार केलं तर कार्बनला सरकायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि सगळी मांडणी ताणलेली राहते. या ताणलेल्या, अतिशय कडक घडणीला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून. लोहार 'पाणी देतो' म्हणजे तो हे मार्टेन्साइट तयार करतो. पण त्याची एक खोड आहे. ते तयार होताना पोलाद फुगतं, साधारण चार टक्क्यांपर्यंत. पात्याचा एक भाग आधी गार होऊन कडक झाला आणि शेजारचा नंतर फुगला, की पहिल्यावर ताण येतो. कडक वस्तू ताण सोसत नाही, ती तडकते.

म्हणजे हवा तेवढा वेग गाठायचा आणि त्यापुढं जायचं नाही, असं हे काम आहे. अमेरिकेत डेव्हनपोर्ट आणि बेन या दोघांनी १९३० साली पोलादाचे लहान लहान तुकडे लाल करून, ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून, मग झटकन गार करून पाहिले. कोणत्या तापमानाला किती वेळात कोणता बदल सुरू होतो आणि कधी संपतो, याचे आलेख त्यांनी मांडले. आजही पोलादाचं काम करणारे तसे आलेख वापरतात. कॉम्प्युटर तेच काम आकड्यांनी करतो. त्यानं एक सोय होते. विझवताना पात्याच्या पोटात काय चाललं आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, पडद्यावर ते पाहता येतं. पण आकडा चुकीचा गेला तर तेही चित्र तितकंच सुबक दिसतं.

वजनानं की नगानं?

तडे गेल्यावर आम्ही तिघी पुन्हा बसलो. पहिल्यांदा मनात आलं की एखादा गुणक जरासा इकडेतिकडे केला तर हिशेब आणि खुरपी जुळून जातील. असा मोह सगळ्यांनाच होतो. पण उत्तर माहीत झाल्यावर गणित त्याला जुळवणं म्हणजे रोकड कमी भरली म्हणून वहीत खोटा खर्च दाखवण्यासारखं आहे. त्या दिवसापुरतं जुळतं, पुढच्या महिन्यात पुन्हा खड्डा पडतो. म्हणून ठरवलं, की एकाही गुणकाला हात न लावता आधी चूक शोधायची. एक वही घेतली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं.

सुरुवात आम्ही भरलेल्या आकड्यांपासून केली. कार्बन ०.६ भरलेला होता. आकडा बरोबर होता, माप चुकलं होतं.

हे नीट समजून घ्या. टोपलीत कलिंगडं आणि लिंबं आहेत. लिंबं किती, असं विचारलं तर दोन उत्तरं येतात. वजनानं बघाल तर अगदी थोडी, नगानं बघाल तर पुष्कळ, कारण लिंबू हलकं असतं. कार्बनचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा साडेचार पटींहून जास्त हलका आहे. म्हणून वजनानं ०.६ टक्के कार्बन म्हणजे नगानं सुमारे २.७ टक्के. आम्ही जुन्या कामाची फाइल उचलून त्यात नवे आकडे भरले होते. त्या फाइलमध्ये माप नगाचं होतं आणि तो रकाना बदलायचा राहिला. नगानं ०.६ म्हणजे वजनानं जेमतेम ०.१३ टक्के. कॉम्प्युटर बिचारा खुरप्याच्या पोलादाचा हिशेब करतच नव्हता. तो कुंपणाच्या तारेसारख्या मऊ लोखंडाचा हिशेब करत होता, आणि 'हे कडक होणार नाही' हे त्याचं उत्तर त्या लोखंडापुरतं खरंच होतं.

मँगनीजचं मापही तसंच चुकलं होतं. पण मँगनीजचा अणू लोखंडाइतकाच जड आहे, म्हणून वजनानं काय आणि नगानं काय, आकडा जवळपास तोच येतो. त्यामुळं मँगनीजवरून ही चूक कळलीच नसती.

ती आधी कळू शकत होती का? हो, आणि कागद-पेन्सिलीनं. मार्टेन्साइट कोणत्या तापमानाला व्हायला लागतं, याचं एक साधं सूत्र अँड्र्यूज यांनी १९६५ साली दिलं आहे. ५३९ घ्या. कार्बनच्या प्रत्येक टक्क्याला ४२३ आणि मँगनीजच्या प्रत्येक टक्क्याला ३०.४ वजा करा. निकेल, क्रोमियम वगैरे असतील तर त्यांचंही थोडं थोडं वजा होतं. आपल्या पाट्यासाठी ४२३ गुणिले ०.६ म्हणजे २५४, आणि ३०.४ गुणिले ०.८ म्हणजे २४. दोन्ही वजा केल्यावर उरतात २६१ अंश. आमच्या पडद्यावर तो आकडा ४६० होता. तो पहिल्या दिवसापासून तिथंच होता. आम्ही रंगीत चित्र पाहत बसलो आणि शेजारचा आकडा वाचला नाही.

या हिशेबात अंशांचीही दोन मापं येतात. एक सेल्सिअस आणि दुसरं शास्त्राच्या हिशेबात चालतं ते केल्विन. दोन्हींत २७३ चा फरक. सावकाश गार होताना पर्लाइट ७२७ सेल्सिअसच्या खाली व्हायला लागतं. केल्विनमध्ये तेच तापमान १००० असतं. एकाच्या जागी दुसरं भरलं तर काय होईल ते सांगायला नको. तेही तपासलं. ते बरोबर होतं.

पेन्सिलीचं शिसं कुठून आलं?

माप सुधारून पुन्हा हिशेब लावला, तर नवीनच उत्तर आलं. गार झालेल्या पोलादात सिमेंटाइट नाही आणि मार्टेन्साइटही नाही. त्याऐवजी ग्राफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशात असतं ते. खुरप्यात पेन्सिलीचं शिसं!

ही चूक शिकाऊ माणसाला फार गोंधळात टाकते, कारण कॉम्प्युटर इथं खोटं बोलत नसतो. त्याला आपण विचारलेलं असतं, की हे पोलाद वाट्टेल तेवढा काळ ठेवलं तर शेवटी काय होईल? आणि खरोखरच, अमर्याद वेळ मिळाला तर लोखंडातल्या कार्बनचा शेवटचा मुक्काम ग्राफाइट हाच आहे. पण आपलं पातं काही सेकंदांत गार होतं. तेवढ्यात ग्राफाइट धरत नाही. म्हणून हिशेब मांडताना ग्राफाइटला यादीतून मुद्दाम वगळावं लागतं.

मार्टेन्साइटची गोष्ट याच्या उलट आहे. ते घाईत तयार होतं, शेवटच्या मुक्कामांच्या यादीत त्याचं नावच नसतं. ते आपोआप येईल अशी वाट पाहिली तर कधीच येणार नाही. त्यासाठी वेगळा नियम घालावा लागतो. कॉइस्टिनेन आणि मारबुर्गर यांनी १९५९ साली दिलेला नियम आजही वापरतात. मार्टेन्साइट सुरू होतं त्या तापमानाच्या जितकं खाली जाल तितकं ते वाढत जातं, असं तो सांगतो. आपलं पोलाद २६१ अंशांवरून २५ अंशांपर्यंत आणलं तर त्या नियमानं साधारण ९३ टक्के मार्टेन्साइट होतं आणि सातेक टक्के जुनी गरम घडण तशीच अडकून राहते.

यातून आम्ही एक सवय लावून घेतली. कॉम्प्युटरला काय विचारलं ते आधी साध्या मराठीत वहीत लिहायचं. 'शेवटी काय होईल' आणि 'दहा सेकंदांत काय होईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

उणे कार्बन

पुढची अडचण अशी. कार्बन कसा सरकतो हे पाहण्यासाठी कॉम्प्युटर पोलादाचे बारीक बारीक कप्पे पाडतो आणि वेळेचेही बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात या कप्प्यातून त्या कप्प्यात किती कार्बन गेला, असा हिशेब चालतो. चित्र आणखी स्पष्ट दिसावं म्हणून आम्ही कप्पे निम्मे केले. लगेच चित्र बिघडलं. एका कप्प्यात भरमसाट कार्बन, शेजारच्यात एकदम कमी, त्यापुढच्यात पुन्हा जास्त. काही कप्प्यांत तर शून्याहूनही कमी. उणे कार्बन म्हणजे काय? डब्यात उणे पाव किलो साखर असते का?

याचं कारण वेळेच्या तुकड्यात होतं. समजा, तुम्ही डब्याडब्यांतून साखर सारखी करता आहात आणि दर तासाला एकदाच बघता. डबे मोठे असतील तर चालून जाईल. डबे लहान केले आणि बघणं मात्र तासाचंच ठेवलं, तर मधल्या वेळात डब्यात आहे त्याहून जास्त साखर काढल्याचा हिशेब लागेल. साध्या पद्धतीच्या हिशेबात नियम असा आहे, की कप्पा निम्मा केला तर वेळेचा तुकडा पाव करावा लागतो. ९०० अंशांच्या आसपास आणि मिलिमीटरचा हजारावा भाग एवढा कप्पा असेल, तर वेळेचा तुकडा सेकंदाच्या दहाव्या भागाहून लहानच हवा. कप्पा त्याच्याही दहावा भाग केला तर तुकडा शंभरपट लहान.

तो दुरुस्त केल्यावर चित्र शांत झालं. शांत झालं म्हणजे बरोबर आलं, असं मात्र नाही. म्हणून कप्पे पुन्हा निम्मे केले, वेळ पाव केली, आणि उत्तर बदलतंय का ते पाहिलं. आता ते जवळपास तेच राहिलं. कप्पे बदलल्यावर उत्तर बदलत असेल, तर ते उत्तर पोलादाचं नसून कप्प्यांचं असतं.

रोजमेळ

बचत गटात आपण बैठक संपायच्या आधी काय करतो? आधीची शिल्लक, आज जमा, आज दिलेलं कर्ज आणि हातातली रोकड, हे जुळलं की मगच पेटी बंद. पोलादातही असाच रोजमेळ असतो. पातं झटकन गार होताना कार्बन बाहेरून आत येत नाही आणि आतून बाहेर जात नाही. म्हणजे सुरुवातीला सगळ्या कप्प्यांत मिळून जेवढा कार्बन होता, तेवढाच शेवटी असायला हवा.

आमच्याकडे सुरुवातीला ०.६० होता आणि शेवटी ०.५७ निघाला. तीन पैसे कुठं गेले? शोधल्यावर सापडलं, की जुनी घडण आणि नवी घडण यांच्यामधली हद्द पुढं सरकताना तिथल्या कप्प्यातला कार्बन पुढं ढकलायचा राहत होता. एका वेळी अगदी कणभर, पण हजारो पावलांत त्याची बेरीज झाली. चित्र बघून हे कधीच कळलं नसतं, मेळ घातल्यावर पाच मिनिटांत कळलं.

मग आणखी एक तपासणी केली. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा सोपा प्रश्न कॉम्प्युटरला घातला. पोलादाच्या एका बाजूला कार्बन जास्त ठेवला आणि तो आत किती खोल जातो ते पाहिलं. नियम असा, की खोली दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट लागतो. एक तास आणि चार तास, असे दोन हिशेब लावले. खोली दुप्पट आली. तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला.

पाणी सगळीकडे सारखं नसतं

शेवटची चूक भट्टीवर जाऊनच कळली. पाणी पात्यातली उष्णता एकसारख्या वेगानं खेचतं, असं आम्ही हिशेबात धरलं होतं. तवा खूप तापला की त्यावर पाण्याचा थेंब नाचत राहतो, लगेच आटत नाही. कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. लाल पातं पाण्यात घातलं की त्याच्याभोवती तशीच गादी होते आणि सुरुवातीला उष्णता सावकाश जाते. मग ती गादी फुटते, पाणी खळखळून उकळतं आणि पातं एकदम गार होतं. मिठाच्या पाण्यात ही गादी लवकर फुटते, म्हणून ते इतकं कडक लागतं. मावशी पातं पाण्यात घातल्यावर ते हलवत का राहते, ते आम्हाला तेव्हा समजलं. हलवलं की वाफ एका जागी साचत नाही आणि पातं सगळीकडून सारखं गार होतं.

हवेत गार केलेल्या तुकड्याचं तापमानही मोजून पाहिलं. ते सरळ उतरत गेलं नाही, मध्येच थबकलं. पर्लाइट तयार होताना पोलाद स्वतःच थोडी उष्णता बाहेर टाकतं. अंधारात पाहिलं तर विझत चाललेला तुकडा मध्येच किंचित उजळतो. ही उष्णता आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. ती घातल्यावर मोजलेलं तापमान आणि पडद्यावरचं तापमान बरंच जवळ आलं.

आता पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारला, की कशात विझवायचं? उत्तर आलं, तेलात. तीन मिलिमीटरचं पातं तेलातही आरपार कडक होतं. मिठाच्या पाण्यात मात्र पातळ धार आणि जाड मान यांच्या गार होण्यात फार अंतर पडतं. तडकलेली सातही खुरपी आम्ही नीट पाहिली. तडा प्रत्येकीत धार आणि मान जुळतात तिथूनच सुरू झाला होता.

मावशीनं हेच सांगितलं होतं. तिला कार्बनचे टक्के माहीत नव्हते, पण असे पाटे तिनं आयुष्यभर विझवले होते. आमचा हिशेब तिच्या अनुभवाच्या उलटा आला, तेव्हाच आम्ही थांबायला हवं होतं. ज्यानं ते काम हातानं केलं आहे त्याच्या म्हणण्याविरुद्ध उत्तर आलं, तर आधी आपलं तपासायचं, हे आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. सात खुरप्यांचे पैसे आम्ही गटाला भरून दिले. पण ऐन खुरपणीत त्या बायांचे आठ दिवस गेले, ते भरून देता आले नाहीत.

नंतरची बारा खुरपी तेलात विझवली आणि लगेच पुन्हा थोडी तापवली. ही दुसरी पायरी विसरू नका. नुसतं विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घासून चकचकीत केलेलं पातं हळूहळू तापवलं की त्यावर रंग चढतात. आधी फिकट गवती पिवळा, साधारण २२० अंशांना, आणि ३०० च्या आसपास निळा. जितकं जास्त तापवाल तितका कडकपणा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. खुरप्याला दगडाचा मार बसतो, म्हणून त्याला चिवटपणा हवा. या बारांतलं एकही तडकलं नाही. मग गटानं शंभरांचं काम दिलं.

घरी उपयोगी पडेल असं

तुमच्या हातातल्या खुरप्याला, विळ्याला आणि कोयत्याला हाच नियम लागतो. वीजेच्या चाकावर धार लावताना पातं निळं पडलं, तर तिथलं पाणी उतरलं असं समजा. ती धार टिकत नाही. मध्ये मध्ये पाण्यात बुडवून, थोडं थोडं घासा. मूठ बसवताना मुठीत जाणारं टोक तापवायचं असेल, तर फक्त तेवढंच विस्तवात धरा आणि पात्याला ओलं फडकं गुंडाळा. सगळं खुरपं चुलीत घातलं तर ते मऊ पडतं. आणि भट्टीवर तेलात विझवत असतील तर तेल पेट घेऊ शकतं. जवळ घट्ट बसणारं झाकण ठेवा. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नका.

तुमच्या मुली-सुना कॉम्प्युटर शिकत असतील, तर त्यांच्यासाठी आमच्या वहीतले प्रश्न वाचून दाखवतो. हे दूध संकलन केंद्रातल्या यंत्राच्या चिठ्ठीलाही विचारता येतात आणि कर्जाच्या हप्त्याच्या तक्त्यालाही.

आकडा कोणत्या मापात आहे?

यंत्राला नेमकं काय विचारलं?

काय धरलं आणि काय सोडून दिलं?

सुरुवातीची आणि शेवटची बेरीज जुळते का?

कागदावर करता येईल असा एखादा सोपा हिशेब त्याच्याशी जुळतो का?

ज्यानं हे काम हातानं केलं आहे, ती व्यक्ती काय म्हणते?

कॉम्प्युटर अडकून बंद पडला तर घाबरू नका. काहीतरी चुकलं आहे एवढं तरी तो सांगतो. न अडखळता सुबक चित्र काढून दिलं, की मात्र हे सगळे प्रश्न जरूर विचारा. आमच्या वेळी तो एकदाही अडखळला नव्हता.

ते तडकलेलं एक खुरपं आम्ही कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवलं आहे. नवीन फाइल उघडली की आधी त्याच्याकडे बघतो आणि मग मापाचा रकाना तपासतो.